आजोबांची वही, २४१२ आणि 'बर्फातले संपले'

कृष्णाकाठची | रविवार, सकाळी १०.१२

नमस्कार मंडळी. तीन वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

आम्ही सांगलीचे, गावभागातले. २०१९ च्या पुरात खालच्या मजल्यावरचं सगळं गेलं, माळ्यावरची एक लोखंडी ट्रंक तेवढी राहिली. ती परवा उघडली तर आत आजोबांच्या चार वह्या. आजोबा १९५२ पासून सोळा वर्षं बंगळूरला विमान कारखान्यात पत्र्याच्या कामाला होते. नंतर सांगलीत येऊन शेती बघितली, आणि विमानाबद्दल चकार शब्द काढला नाही.

वह्यांत किराणा, मनिऑर्डरी, गाडीची वेळापत्रकं, आणि मधूनमधून कामाच्या नोंदी. त्यातल्या तीन काही केल्या कळत नाहीत:

१) एका पानावर माशासारखी आकृती. पाठ फुगीर, पोट जरा सपाट. शेजारी '२४१२' आणि खाली आकड्यांच्या दोन ओळी.

२) "मधला पत्रा सुरकुतला. मी घाबरलो. साहेब म्हणाले चालतो, सुरकुतूनच भार घेतो."

३) "बर्फातले संपले. दुपारनंतर बसून." ही नोंद सहा-सात ठिकाणी आहे!

तिसऱ्याबद्दल घरात एक जुना विनोद आहे. आजोबा आजीला सांगायचे, आम्ही खिळे बर्फात ठेवतो. आजी साठ वर्षं यावर हसतेय. आजोबा थापा मारण्यात तरबेज होते, हरिपूरच्या संगमावर वाघ बघितल्याचंही सांगायचे. त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. शिवाय माणूस विलक्षण घायकुता. जेवण असो, बाजार असो, "वीस मिनिटं आहेत हं" हे पालुपद.

कुणाला काही उलगडतंय का?

पोपटराव_उडाणे | रविवार, १०.३१

बर्फातले संपले म्हणजे काय ते आमच्या ग्रुपमधल्या कुठल्याही माणसाला विचारा ताई. त्यानंतर दुपारभर बसूनच राहावं लागतं.

कृष्णाकाठची | रविवार, १०.३५

आजोबा माळकरी होते हो! 😄

बरगडी | रविवार, ११.२०

मी मूळ मिरजेचा, पोटापाण्यासाठी बंगळुरात, विमानाच्या सांगाड्याचं गणित करतो. पहिलं कोडं सोपं आहे, ते घेतो.

ती आकृती म्हणजे पंखाचा छेद. पंख सुरीने पपईसारखा आडवा कापला तर जी फोड दिसेल ती. २४१२ हे त्या फोडीचं नाव. अमेरिकेत १९१५ साली एनएसीए नावाची सरकारी संस्था निघाली, आमच्यात तिला सरळ 'नाका' म्हणतात. त्यांनी छेदांना आकड्यांची नावं द्यायची पद्धत काढली. पंखाची पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रुंदी १०० धरा. पहिला आकडा २, म्हणजे मधल्या रेषेचा बाक रुंदीच्या २ टक्के. दुसरा ४, म्हणजे तो बाक पुढून ४० टक्क्यांवर सगळ्यात जास्त. शेवटचे १२, म्हणजे जाडी १२ टक्के. एवढ्या चार आकड्यांवरून कुणीही तो छेद जसाच्या तसा काढू शकतो. खालच्या दोन ओळी म्हणजे वरच्या आणि खालच्या कडेची मापं असणार.

हाच २४१२ सेस्ना १७२ या विमानाच्या पंखात आहे. वैमानिक शिकवणाऱ्या संस्थांत सर्रास दिसतं ते.

सज्जनगड_७ | रविवार, ११.२६

नाका म्हटल्यावर आम्हा सातारकरांना आनेवाडी आणि तासवडे आठवतात. तिथे लिफ्ट मिळत नाही, ड्रॅग मात्र भरपूर.

भडंगप्रेमी | रविवार, ११.२९

सातारकर आले. धाग्याचं आता पंदी पेढ्यात रूपांतर होणार.

सज्जनगड_७ | रविवार, ११.३०

*कंदी. एवढंसुद्धा नीट लिहिता येत नाही आणि म्हणे नाट्यपंढरी.

निवृत्त_मास्तर | रविवार, दुपारी १.०५

बरगडी यांनी नाव सांगितलं, पण असे छेद तपासायची कल्पना कुठून आली तेही सांगायला हवं. भौतिकशास्त्र शिकवण्यात बत्तीस वर्षं गेली आहेत, त्यामुळे लांबण लावणार. कंटाळा आला तर खाली सरका.

राईट बंधूंनी १९०० आणि १९०१ साली ग्लायडर उडवले, पण गणिताने सांगितली त्याच्या पुष्कळ कमी उचल मिळाली. त्यांच्याजागी आपण असतो तर पंख मोठा केला असता आणि देवाला नारळ फोडला असता. त्यांनी आकड्यांवरच संशय घेतला. सायकलच्या दुकानात सहा फूट लांबीची लाकडी पेटी केली, एका तोंडाला पंखा बसवला आणि आत पत्र्याचे चिमुकले पंख टांगून वारा सोडला. तराजू बनवला करवतीची जुनी पाती आणि सायकलची तार यांचा. १९०१ च्या हिवाळ्यात सुमारे २०० आकार तपासले. चूक सापडली ती अशी: हवेचा दाब काढण्यासाठी स्मीटन नावाच्या इंग्रज अभियंत्याच्या नावाने चालत आलेला एक गुणांक सगळे वापरत. तो ०.००५ धरला जाई. खरा निघाला ०.००३३ च्या आसपास. दीडशे वर्षं एक चुकीचा आकडा या पुस्तकातून त्या पुस्तकात उतरवला जात होता! दुसरीकडे, जर्मनीच्या लिलिएन्थालचे आकडे चुकीचे असतील असं त्यांना वाटत होतं, ते बऱ्यापैकी बरोबर निघाले. बिचारा १८९६ सालीच ग्लायडरवरून पडून गेला होता.

पुढे नाकाने हेच काम सरकारी थाटात केलं. अडचण अशी की लहान नमुन्यावरून वारा वाहतो तो मोठ्या पंखावरून वाहतो तसा वाहत नाही. मग मॅक्स मुंक याच्या डोक्यातून उपाय निघाला: नमुना वीसपट लहान असेल तर हवा वीसपट दाबा. पोलादी टाकीत अख्खा वायुबोगदा, म्हणजे राईट बंधूंच्या वाऱ्याच्या पेटीचाच मोठा अवतार, बंद केला. त्यात तपासलेल्या ७८ छेदांचा अहवाल १९३३ साली आला, आणि तुमच्या आजोबांच्या वहीतला मासा त्याच गोतावळ्यातला आहे.

अण्णा_कुपवाड | रविवार, २.१५

मास्तर लई भारी. पण मला दुसऱ्या नंबरचं कळंना झालंय. माझं एमआयडीसीत पत्र्याचं शेड हाय. पत्रा सुरकुतला की गिऱ्हाईक माल तोंडावर मारतंय. आणि हितं साहेब म्हणतोय चालतंय. कुठला साहेब म्हणायचा ह्यो? आमच्याकडं पाठवा की.

बरगडी | रविवार, ४.४०

अण्णा, हा प्रश्न १९२० च्या दशकात भल्याभल्यांना पडला होता.

आधीची विमानं म्हणजे लाकडाचा सांगाडा, वर कापड, आणि चौकटी तिरक्या होऊ नयेत म्हणून तारांचे ताण. बाजेला सुतळी तिरकी ओढून ताणलेली असते, ताण ढिला पडला की चौकट लचकते, तसंच. नंतर धातू आला. युंकर्सचं पूर्ण धातूचं विमान डिसेंबर १९१५ मध्ये उडालं, पोलादी पत्र्याचं. इतकं जड की लोक त्याला 'पत्र्याचं गाढव' म्हणायचे.

जडपणा कमी करायचा तर पत्रा पातळ करायला हवा. पातळ केला की तो तिरका दाबला गेल्यावर सुरकुततो. सुरकुती म्हणजे निकामी, असा तेव्हाचा समज. हर्बर्ट वाग्नर नावाच्या ऑस्ट्रियन अभियंत्याने बर्लिनमध्ये काम करताना याचं गणित केलं आणि १९२९ साली प्रसिद्ध केलं. त्याचं म्हणणं, सुरकुतू द्या. रुमाल चार कोपऱ्यांत पकडून चौकट तिरपी करा. एका कर्णावर तो सैल पडतो, दुसऱ्या कर्णावर ताठ होतो. पत्र्याच्या सुरकुत्यासुद्धा त्या ताठ कर्णाच्या दिशेनेच पडतात, आणि प्रत्येक सुरकुती एकेका तारेसारखी ओढ घेते. म्हणजे बाजेची सुतळी पत्र्यातच तयार होते. कडेच्या दांड्या आणि उभे आधार तेवढे भक्कम ठेवायचे.

तुमच्या शेडमध्ये पत्रा दिसण्यासाठी असतो, आमच्याकडे ओढ घेण्यासाठी. भार काढला की सुरकुती गेली पाहिजे ही अट मात्र आहे. कायमची राहिली तर आम्हीसुद्धा माल परत पाठवतो.

अण्णा_कुपवाड | रविवार, ४.५२

बाजेचं सांगितलं आणि डोक्यात लख्ख झालं बघा. रुमाल घिऊन बसलोय, बायको बघाय लागलीय.

पंचगंगा_पलीकडे | रविवार, रात्री ८.१८

सांगलीकरांनो, बंगळूरचा विषय आहे तर कोल्हापूरचं नाव निघायलाच हवं. डॉ. विष्णू माधव घाटगे आमच्या जिल्ह्यातले. १९३० च्या दशकात जर्मनीत गॉटिंगेनला खुद्द लुडविग प्रांटल यांच्याकडे डॉक्टरेट केली. १९५१ साली उडालेलं एचटी-२ हे प्रशिक्षण विमान त्यांच्या चमूचं. ताईंचे आजोबा १९५२ ला लागले म्हणजे बहुतेक तेच बनवत असणार.

निवृत्त_मास्तर | रविवार, ८.५०

वा! आणि ज्यांना प्रांटल माहीत नाहीत त्यांच्यासाठी: १९०४ साली हायडेलबर्गला गणितज्ञांच्या परिषदेत या गृहस्थांनी जेमतेम आठ पानांचा निबंध वाचला. सांगितलं एवढंच, की हवेचा चिकटपणा पृष्ठभागालगतच्या अगदी पातळ थरात काम करतो, बाकी हवेला तो नाही असं धरलं तरी चालतं. त्याआधी गणितवाले म्हणत घर्षण शून्य, प्रयोगवाले म्हणत घर्षण दिसतंय, आणि दोघं एकमेकांकडे बघत नसत. त्या पातळ थराने भांडण मिटवलं. वर उल्लेख केलेला मुंक हा प्रांटल यांचाच विद्यार्थी. म्हणजे मुंक आणि घाटगे गुरुबंधू!

कृष्णाकाठची | रविवार, ९.१०

अंगावर काटा आला. एका पानावर "आज डॉ. घाटगे शेडमध्ये आले" अशी ओळ आहे! पुढे लगेच "तूरडाळ महाग". 🙈

दख्खनचा_दगड | रविवार, १०.४४

परदेशी नावं खूप झाली. १८९५ साली मुंबईत चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवलं, त्याबद्दल इथे कुणी का बोलत नाही? आपल्या वैमानिकशास्त्रात सगळं आहे.

बरगडी | रविवार, ११.०२

बोलतो की. १९७४ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी त्या ग्रंथाचा नीट अभ्यास केला. भाषा तपासली, आकृत्या तपासल्या. ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आणि त्यातली विमानं उडण्याजोगी नाहीत, असा निष्कर्ष निघाला. त्या पाचांत कुणी परदेशी नव्हतं.

तळपद्यांनी खटपट केली असेल, त्याबद्दल आदरच आहे. पण राईट बंधूंच्या वह्या, आकडे, छायाचित्रं आहेत. इथे तसं काही हाती लागत नाही. एवढ्या साध्या फिटरने तूरडाळीच्या भावाशेजारी छेदाची मापं लिहून ठेवली, आणि चौपाटीवर विमान उडवणाऱ्याने एक ओळ ठेवू नये?

दख्खनचा_दगड | रविवार, ११.०९

इंग्रजांनी नष्ट केली असतील.

संपादक | रविवार, ११.१५

तळपद्यांवर आपल्याकडे आधीच तीन धागे आहेत, तिघांचंही कुरुक्षेत्र झालेलं आहे. तिकडे जावं. इथे वही चालू द्या.

चाळकेवाडीचा_वारा | सोमवार, सकाळी ७.०५

रात्रपाळी संपवून वाचतोय. मी साताऱ्याच्या वर, चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांची देखभाल करतो. आमचं पातं म्हणजे विमानाचा पंखच, उभा फिरवलेला. छेद तसाच माशाचा.

एक गणित सांगतो. चक्की मिनिटाला वीस फेरे घेते धरा. वर्षभर अखंड फिरली तर एक कोटी फेरे होतात. अखंड फिरत नाही, पण वीस वर्षांचा हिशेब लावा. प्रत्येक फेऱ्यात पातं खाली येताना एकदा आणि वर जाताना एकदा स्वतःच्या वजनाने उलटसुलट वाकतं. तार हाताने मोडायची असेल तर आपण खालीवर वाकवत बसतो ना? निसर्ग आमच्या पात्याबरोबर तेच करत असतो. त्यामुळे आम्ही दोरावर लोंबकळून तडे शोधतो. ताकद किती याची मला चिंता नसते, किती वेळा याची असते.

लंडनस्थ_मिरजकर | सोमवार, ११.४०

'किती वेळा' वरून कॉमेट आठवलं. जगातलं पहिलं प्रवासी जेट. चौकोनी खिडक्या ठेवल्या, कोपऱ्यांत ताण साठला, विमानं हवेत फुटली. तेव्हापासून विमानांच्या खिडक्या गोल. माझ्या मुलीच्या शाळेत हेच शिकवतात.

बरगडी | सोमवार, दुपारी १.३०

हे इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालायचाच. कॉमेटच्या खिडक्या काटकोनी नव्हत्याच, कोपरे गोलाई दिलेले होते. झालं ते असं.

२ मे १९५२ ला सेवा सुरू झाली. बरोबर वर्षाने, २ मे १९५३ ला एक कॉमेट कलकत्त्याहून उडालं आणि वादळात कोसळलं. तेव्हा दोष वादळाला दिला. १० जानेवारी १९५४ ला दुसरं एल्बा बेटाजवळ समुद्रात पडलं. ८ एप्रिलला तिसरं, नेपल्सजवळ. मग उड्डाणं थांबली. इंग्लंडमध्ये फार्नबरोला एक अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत बसवलं, पंख तेवढे बाहेर. आत पाणी भरून दाब द्यायचा, सोडायचा, पुन्हा द्यायचा, शिवाय जॅकने पंख वाकवायचे. पाणी यासाठी की हवेने दाब दिला तर फुटताना बॉम्बसारखं फुटतं आणि पुरावाच उरत नाही. पाण्यात नुसता तडा जातो. आधी उडालेल्या १,२२१ खेपा आणि टाकीतल्या १,८३६, मिळून ३,०५७ व्या खेपेला ते फाटलं. फाटलं ते सुटकेच्या दाराच्या खिडकीच्या कोपऱ्यापाशी. पण एल्बाजवळ समुद्रातून काढलेल्या तुकड्यांत सुरुवात सापडली ती छतावर, रेडिओच्या अँटेनासाठी ठेवलेल्या झरोक्यापाशी, पत्रे जोडणाऱ्या रिबिटाच्या भोकाजवळ. तो झरोका प्रवाशांना दिसतसुद्धा नाही.

आणि खरी हळहळ पुढे आहे. कंपनीने चाचणी केली नव्हती असं नाही. केबिनचा तुकडा हजारो वेळा फुगवून पाहिला होता, टिकला होता. पण त्याच तुकड्याला त्याआधी ताकदीच्या चाचणीसाठी नेहमीच्या दुप्पट दाब दिलेला होता. त्या जादा दाबाने कोपऱ्यांतला धातू किंचित ताणून बसला आणि दाब सोडल्यावर तिथे उलटा, दाबणारा ताण राहिला. तड्याला तो आवरून धरतो. म्हणजे चाचणीतला तुकडा चाचणीमुळेच पक्का झाला होता, आणि उडणाऱ्या विमानांना तो आशीर्वाद मिळालेला नव्हता.

लंडनस्थ_मिरजकर | सोमवार, १.४८

पण कोपऱ्यात ताण साठतो हे खरं ना? मग खिडकीच झाली की.

बरगडी | सोमवार, १.५५

ताण साठतो हे खरं. भोकाला कोपरा असो नसो, कडेला ताण वाढतोच. चौकोनीमुळे पडलं हे सोपं करून सांगणं झालं. पत्र्याची जाडी, टोचून पाडलेली रिबिटाची भोकं, पुन्हा पुन्हा ताण पडून धातूला येणाऱ्या थकव्याबद्दलचं अपुरं ज्ञान, सगळं मिळून झालं.

अण्णा_कुपवाड | सोमवार, २.२०

टोचून पाडलेलं भोक आणि ड्रिलनं पाडलेलं भोक यात लई फरक पडतोय. पंचनं कडंला बारीक चिरा राहत्यात. आमच्या पोरांना सांगून सांगून दमलो.

ऊसकरी | सोमवार, रात्री ९.०५

अवांतर: आमच्या भागात काही साखर कारखान्यांच्या लोखंडी धुराड्यांना वरच्या बाजूला पट्टी वेटोळं घालून गुंडाळलेली असते. लहानपणी वाटायचं चढायला जिना आहे. ते कशासाठी?

निवृत्त_मास्तर | सोमवार, ९.३०

अवांतर मुळीच नाही. गोल धुराड्यामागे वाऱ्याचे भोवरे आळीपाळीने डावीकडून-उजवीकडून सुटतात. थिओडोर फॉन कार्मान यांनी १९११ साली गॉटिंगेनलाच या भोवऱ्यांच्या रांगेचं गणित केलं. भोवरे सुटण्याचा ताल आणि धुराड्याचा स्वतःचा ताल जुळला की धुराडं डुलायला लागतं. वेटोळ्या पट्टीमुळे प्रत्येक उंचीवर भोवरा वेगळ्या वेळी सुटतो, सगळ्यांचा एक सूर लागत नाही. इंग्लंडमध्ये १९५० च्या दशकात वायुबोगद्यात तपासून ही युक्ती निघाली. मिरजेच्या तंबोऱ्याच्या कारागिराला विचारा, तारा जुळू *नयेत* म्हणून कुणी एवढी मेहनत घेतं का!

विमानातलं उदाहरण १९१६ चं आहे. हँडली पेज कंपनीच्या मोठ्या बॉम्बफेकी विमानाची शेपूट हवेत थडथडू लागली. लँचेस्टर आणि बेअरस्टो यांनी शोधलं, की शेपटीचे डावे-उजवे हलते भाग वेगवेगळे जोडलेले आहेत, एक वर जातो तेव्हा दुसरा खाली जातो, आणि त्यांच्या हलण्याला धडाच्या पिळाची साथ मिळते. दोघांना एका भक्कम नळीने जोडलं. थडथड बंद.

सज्जनगड_७ | सोमवार, ९.३३

एक वर, एक खाली, मध्ये पीळ. आमच्या ग्रामपंचायतीत हेच चाललंय. नळी कुठे मिळेल?

कृष्णाकाठची | मंगळवार, सायंकाळी ६.२०

किती लिहिलंत सगळ्यांनी! आईला वाचून दाखवतेय, ती प्रत्येक प्रतिसादानंतर "आता ते घाटग्यांचं पुन्हा वाच" म्हणते.

दुसऱ्या वहीत आणखी एक पान सापडलं. जसंच्या तसं देते: "पंख उलटा टांगला. सकाळपासून वाळूची पोती रचली. सगळी पोती रचून संपली. मोडला नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. साहेब नाराज."

न मोडल्यावर नाराज का?

बरगडी | मंगळवार, ७.०५

ताई, हे पान लॅमिनेट करून ठेवा. आमच्या सगळ्या धंद्याचं सार आहे त्यात.

उलटा टांगला कारण उडताना हवा पंखाला वर ढकलते आणि वाळू खालीच ओढते. पंख पालथा केला की दोन्हींची दिशा एक होते. पहिल्या महायुद्धापासून ही रीत आहे. पोतीही कुठेही रचत नाहीत, हवेची उचल जिथे जास्त तिथे जास्त, टोकाकडे कमी.

आता नाराजी. सेवेत जास्तीत जास्त जेवढा भार येईल, त्याच्या दीडपट पंखाने सोसला पाहिजे असा दंडक आहे. दीडपटीच्या आत मोडला तर अर्थातच वाईट. पण दीडपटीच्या पुष्कळ पुढे जाऊनही मोडत नसेल, तर तेवढा धातू तुम्ही फुकट घातला. तो विमान मरेपर्यंत रोज वाहून न्यायचा, प्रत्येक खेपेला तेवढं इंधन किंवा तेवढा माणूस कमी. आदर्श पंख दीडपटीला शाबूत राहतो आणि त्याच्या जरा पुढे मोडतो. साहेबांनी तो आवाज ऐकायला दिवसभर कान टवकारले असणार, आणि तुमच्या आजोबांनी रिबिटं फारच चोख मारलेली!

चाळकेवाडीचा_वारा | मंगळवार, ७.१५

आमच्या पात्यांचीही अशीच चाचणी होते असं कंपनीच्या प्रशिक्षणात दाखवलं होतं. मोडताना अख्खी शेड हादरते. आणि इंजिनियर लोक एकमेकांना मिठ्या मारतात.

घणकाका | मंगळवार, रात्री ११.५०

मी लिहीत नाही फारसं. टायपिंगला वेळ लागतो. पण 'बर्फातले' राहूनच गेलंय म्हणून लिहितो.

आजोबा खरं बोलत होते. खिळे नव्हेत, रिबिटं. आम्हीसुद्धा ठेवायचो. मी विमानदुरुस्तीच्या शेडमध्ये एकवीस वर्षं पत्र्यावर होतो.

विमानाचा पत्रा आणि ठरावीक रिबिटं ड्युरॅलची असतात, म्हणजे ॲल्युमिनियममध्ये थोडं तांबं, थोडं मॅग्नेशियम. हा धातू विचित्र. पाचशे अंशांच्या आसपास तापवून पाण्यात बुडवला की लोखंडासारखा कडक होत नाही, उलट मऊ राहतो. कडक होतो तो नंतर, नुसता पडून राहिला की आपोआप. हे आल्फ्रेड विल्म नावाच्या जर्मन माणसाला १९०६ साली कळलं. आमचे उस्ताद सांगायचे, त्याने शनिवारी तुकडा तपासला आणि सुट्टी झाली म्हणून उरलेलं काम सोमवारवर टाकलं. सोमवारी तोच तुकडा जास्त कडक. त्याला वाटलं यंत्र बिघडलं. आत काय होतं ते कळायला तीस वर्षं गेली. १९३८ मध्ये क्ष-किरणांनी दिसलं की तांब्याचे अणू आतल्या आत बारीक बारीक घोळके करून बसतात आणि धातूला सरकू देत नाहीत.

आता रिबिटाचं. ते मऊ असतानाच ठोकावं लागतं. कडक झालेलं ठोकलं तर डोकं चिरतं. पण मऊपणा टिकतो थोडाच वेळ. काही मिश्रधातूंना दहा-वीस मिनिटं, काहींना तास-दोन तास. मग हजारो रिबिटं लागणाऱ्या कामाला रोज किती वेळा भट्टी लावणार? म्हणून तापवून बुडवून लगेच बर्फात टाकायची. गारठ्यात ते अणूंचे घोळके जमायचं काम मंदावतं, काही दिवससुद्धा मऊ राहतात. लागतील तेवढी मूठभर काढायची आणि पळत सुटायचं. उरली तर परत बर्फात टाकायची नाहीत, भट्टीला पाठवायची. बर्फातली संपली की पुढची खेप येईपर्यंत काम बंद. "दुपारनंतर बसून" ते हेच.

ठोकल्यावर रिबिट पत्र्यात बसतं आणि मग आपोआप कडक होत जातं. रात्री आपण झोपलेलो असतो तेव्हासुद्धा.

अण्णा_कुपवाड | बुधवार, सकाळी ६.१५

घणकाका, दंडवत. चाळीस वर्षं पत्र्यात घालवली, ह्ये म्हाईत नव्हतं.

पोपटराव_उडाणे | बुधवार, ८.४०

थांबा थांबा. "वीस मिनिटं आहेत हं"!!!

भडंगप्रेमी | बुधवार, ८.४२

अरे देवा 😳

घणकाका | बुधवार, ९.३०

त्यांच्याकडे कुठला मिश्रधातू होता ते मला माहीत नाही, त्यामुळे वीस मिनिटांचं मी छातीठोक सांगत नाही. स्वभावही असेल. पण माझी बायको आजही म्हणते, तुम्ही चहा पित नाही, ओतता.

कृष्णाकाठची | बुधवार, रात्री ९.५५

आजीला सगळं वाचून दाखवलं. ९१ वर्षांची आहे, ऐकू कमी येतं, घणकाकांचं दोनदा वाचावं लागलं. ऐकून बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे वाघाचंही खरं असणार."

ऊसकरी | बुधवार, १०.०४

हरिपूरच्या वाघासाठी वेगळा धागा काढा ताई.

लंडनस्थ_मिरजकर | गुरुवार, दुपारी २.१०

सगळं वाचलं, अप्रतिम. पण खिडक्यांचं मला अजून पटलेलं नाही.